स्नोफ्लेक ईल पाळायचाय? आधी त्याचं बीळ तयार करा

ठाणे, मुलुंड, डोंबिवली या पट्ट्यात मी समुद्री टँक बसवून देते आणि नंतर त्यांची देखभालही करते. स्नोफ्लेक ईल मागणारी व्यक्ती बहुतेक वेळा मोबाइलवर फोटो पुढे करते: पांढरं अंग, त्यावर काळ्या नक्षीदार डागांच्या दोन ओळी, डागांत पिवळे ठिपके, तोंडापुढे दोन पिवळ्या नळ्या. मासा देखणा आहे, यात वाद नाही. पण मी आधी एकच गोष्ट विचारते. दिवसातले बरेच तास त्याचं फक्त डोकं दिसेल, कधी तेही दिसणार नाही. चालेल? मनापासून ‘चालेल’ आलं, तरच आम्ही काचेच्या मापाकडे वळतो.

हा मोरे ईल या सापासारख्या लांबट माशांच्या कुळातला मासा. शास्त्रीय नाव एकिड्ना नेब्युलोसा. तांबडा समुद्र आणि आफ्रिकेचा पूर्व किनारा इथपासून हिंदी महासागर ओलांडून थेट पॅसिफिकपर्यंत तो सापडतो. आपल्याकडे लक्षद्वीप आणि अंदमानच्या प्रवाळांत आहे. खोल पाण्याची त्याला ओढ नाही. ओहोटीला गुडघाभर पाणी उरतं अशा खडकाळ पट्ट्यात, कपारीत, प्रवाळाच्या तुकड्यांखाली तो राहतो आणि खेकडे, कोळंब्या शोधत फिरतो. फार तर एक मीटरपर्यंत वाढतो, टँकमध्ये साधारण साठ-सत्तर सेंटिमीटरवर थांबतो. म्हणूनच मोरे ईलच्या कुळातला घरी पाळण्याजोगा मासा विचाराल, तर मी हाच सांगते. दुकानात कधीकधी याच्या शेजारी मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या नक्षीचं ‘हनीकोंब’चं पिल्लू ठेवलेलं असतं. ते कितीही मोहात पाडो, घेऊ नका. तो मासा दोन मीटरच्या पुढे जातो, त्याचे दात सुरीसारखे असतात, आणि आपल्या हॉलमध्ये मावेल असा टँक त्याला कधीच पुरणार नाही.

आणखी एक गोष्ट घेण्याआधी कळलेली बरी. मोरे ईलची अंडी फुटून निघणारी पिल्लं पानासारखी चपटी, काचेसारखी पारदर्शक असतात आणि कित्येक महिने उघड्या समुद्रात तरंगत वाढतात. हे घरात किंवा फार्मवर घडवून विक्रीपर्यंत आणणं अजून जमलेलं नाही. त्यामुळे दुकानातला प्रत्येक स्नोफ्लेक समुद्रातून पकडून आणलेला असतो. त्याची एक कपार होती आणि ती आपण काढून घेतली आहे. ती परत देणं हे पाळणाऱ्याचं पहिलं काम, असं मी मानते, आणि पुढचं सगळं मी त्याच क्रमाने सांगणार आहे.

टँक किमान चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच घ्या. काठोकाठ भरला तर पाणी सुमारे ३४० लिटर, म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन ३४० किलो. काच, दगड आणि स्टँड धरून ते सहज साडेचारशेच्या वर जातं. जुन्या इमारतीत बाल्कनीत किंवा स्लॅबच्या मधोमध असा टँक ठेवू नका. तुळईवर किंवा भिंतीलगत ठेवा, आणि शंका असेल तर इमारतीचं काम पाहणाऱ्या इंजिनिअरला आधी दाखवा. उंचीपेक्षा लांबी-रुंदी महत्त्वाची, कारण हा तळाशी सरपटणारा मासा आहे.

मग झाकण. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत ‘ईल गेला’ ही तक्रार आली की मी पाण्याबद्दल विचारण्याआधी झाकणाबद्दल विचारते. हा मासा ओहोटीच्या डबक्यांचा रहिवासी. एका डबक्यातून दुसऱ्यात ओल्या खडकावरून जाणं त्याच्या अंगात आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ इथल्या रीटा मेहता आणि काइल डोनोहो यांनी स्नोफ्लेक ईलना उतारावरून पाण्याबाहेर येऊन माकूलचा तुकडा उचलायला शिकवलं. ईलांनी तो तुकडा पाण्याबाहेरच गिळला, परत पाण्यात जायची वाटही पाहिली नाही. ज्या माशाला बाहेर येऊन जेवताही येतं, त्याला काचेच्या काठाची भीती वाटणार नाही.

म्हणून झाकण पूर्ण हवं, जड हवं आणि चारही बाजूंनी क्लिपने बसवलेलं हवं. हवा खेळण्यासाठी प्लॅस्टिकची बारीक जाळी फ्रेममध्ये ताणून लावा. लोखंडी जाळी नको, खाऱ्या हवेत ती गंजते आणि तो गंज पाण्यात पडतो. पाईप आणि वायरी आत जातात त्या खाचा सगळ्यात फसव्या. बोट आत जात असेल, तर लहान ईल बाहेर येऊ शकतो. तिथे स्पंज दाबून बसवा. जास्तीचं पाणी खालच्या फिल्टरच्या टाकीत, म्हणजे सम्पमध्ये, नेणाऱ्या ओव्हरफ्लोच्या दातऱ्यांवरही जाळी लावा, नाहीतर तो थेट खालच्या टाकीत जाऊन बसतो. आणि एवढं करूनही कधी जमिनीवर सापडलाच, तर कोरडा दिसतो म्हणून मेला समजून टाकून देऊ नका. अंगावरचा जाड चिकट थर त्याला बराच वेळ तगवतो. ओल्या टॉवेलात अलगद उचला, टँकमध्ये सोडा, दिवे बंद करा आणि वाट पाहा.

आता बीळ. याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, आणि तुम्हीही घालवा.

ईलला छातीचे पर नाहीत, पोटाखालचे पर नाहीत, अंगावर खवले नाहीत. हे सगळं अरुंद फटीतून पुढे-मागे सरकण्यासाठी आहे. त्याला नुसता आडोसा पुरत नाही; अंग सगळ्या बाजूंनी कशाला तरी टेकलेलं लागतं. रुंद गुहा करून दिली, तर तो तिच्या कोपऱ्यात अंग दाबून बसतो आणि अस्वस्थ राहतो. हार्डवेअरच्या दुकानातला साधा पीव्हीसी पाईप याहून चांगलं काम करतो. तीस सेंटिमीटरच्या ईलला दीड इंची पाईप द्या, मोठा झाल्यावर दोन इंची. लांबी त्याच्या अंगापेक्षा जास्त हवी आणि मध्ये एक-दोन एल्बो हवेत, म्हणजे आत अंधार राहील. दोन्ही टोकं उघडी ठेवा, कारण बंद टोकाच्या नळीत पाणी कुजतं. कापलेल्या कडा पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. खवले नसलेल्या अंगावर एवढीशी धारही ओरखडा काढते. पाईप सोल्यूशनने चिकटवणार असाल, तर काही दिवस उन्हात वाळवा आणि चांगला धुऊन मगच वापरा. शक्य असेल तिथे नुसता दाबून बसवा.

हे पाईप तळाशी ठेवा आणि वरून दगड रचा. क्रम महत्त्वाचा आहे: आधी दगड काचेच्या तळावर पक्के बसवायचे, वाळू नंतर. वाळूवर दगड रचले, तर ईल खालून वाळू उकरतो आणि अख्खी रास त्याच्याच अंगावर किंवा काचेवर येते. एकूण दारं तीन-चार असू द्या आणि त्यातलं एक तुमच्या बसायच्या जागेसमोर. तो कोणतं दार निवडेल हे त्याच्यावर सोडा. बहुतेक ईल काही आठवड्यांत एक दार पक्कं करतात आणि मग डोकं तिथूनच बाहेर दिसतं.

दगडांबद्दल एक सूचना आग्रहाने. कुणी ‘लक्षद्वीपहून आणलेला लाइव्ह रॉक’ असं सांगून विकत असेल, तर हात लावू नका. आपल्याकडे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत, आणि समुद्रातला तो दगड म्हणजे बहुतेकदा प्रवाळाचाच सांगाडा असतो. सिरॅमिकचे सच्छिद्र कृत्रिम दगड मिळतात. त्यांत जिवाणू छान वाढतात आणि ईलला फरक पडत नाही.

पाण्याचं थोडक्यात. आरओ पाण्यात समुद्री मीठ मिसळा, विशिष्ट गुरुत्व १.०२३ ते १.०२५ ठेवा, तापमान २४ ते २७ अंश. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये पाणी गार करणाऱ्या चिलरशिवाय हे जमत नाही, तेव्हा चिलरचा खर्च सुरुवातीलाच धरा. मासा आणण्याआधी टँक चार ते सहा आठवडे सायकल होऊ द्या, म्हणजे माशाच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात वाढू द्या. अमोनिया आणि नायट्राइट शून्य आल्याशिवाय काहीही आणू नका. ईल मांसाहारी आहे, खाताना सांडतो आणि त्याची विष्ठाही भरपूर असते, म्हणून ती घाण फेसावाटे बाहेर काढणारा स्किमर टँकच्या मापाहून एक नंबर मोठा घ्या. दर आठवड्याला दहा-पंधरा टक्के पाणी बदला. आणि लाइट जाते तेव्हासाठी बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असलाच पाहिजे. पावसाळ्यात रात्री दोनला लाइट गेली, तर तो आपोआप चालू व्हायला हवा. तुम्ही उठून लावाल या भरवशावर राहू नका.

खरेदीच्या वेळी घाई करू नका. दुकानदाराला तुमच्यासमोर खाऊ घालायला सांगा. जो ईल खातो, तो घरी जगण्याची शक्यता फार जास्त. अंगावर लाल चट्टे, ओरखडे किंवा पांढुरके धागे नाहीत ना, ते बघा. तोंड उघडं-मिटं करतोय म्हणून घाबरू नका आणि तो रागावलाय असंही समजू नका. इतर माशांना कल्ल्यांवर मोठी झडप असते. याच्याकडे डोक्यामागे दोन्ही बाजूंना फक्त एकेक लहान गोल भोक आहे. तेवढ्यातून पाणी बाहेर ढकलायचं, तर तोंडाने सतत पंप चालवावा लागतो. तो श्वास घेतोय. उलट हा पंप फार जोरात, धापा टाकल्यासारखा चालू असेल, तर मात्र मासा त्या दिवशी घेऊ नका. आणि जाळीने पकडू देऊ नका. जाळीत त्याचा चिकट थर खरवडला जातो, आणि तो थर हीच त्याची कातडीवरची राखण आहे. प्लॅस्टिकच्या डब्यात किंवा तो बसलाय त्या पाईपसकट उचलायला सांगा.

घरी आणल्यावर दिवे बंद. पिशवीतल्या पाण्यात टँकचं पाणी थेंबथेंब सोडत अर्धा-पाऊण तास जाऊ द्या, मग ईल टँकमध्ये घाला आणि पिशवीतलं पाणी टँकमध्ये न ओतता फेकून द्या. पुढचे काही दिवस तो दिसणार नाही. कदाचित दोन-तीन आठवडे खाणारही नाही. याच काळात लोक मला फोन करतात, आणि मी प्रत्येकाला सांगते की दगड हलवून त्याला शोधू नका. पाण्याची चाचणी करा, अमोनिया शून्य असेल तर थांबा. अंग भरलेलं असेल, तर हा मासा उपाशी राहणं सहज सोसतो. दगड हलवण्याने मात्र त्याचं बीळ मोडतं आणि तो पुन्हा पहिल्या दिवसावर येतो.

आता जेवण, हा माझा आवडता भाग.

स्नोफ्लेकची नजर अधू असते. तो जगतो वासावर. पुढच्या त्या पिवळ्या नळ्यांतून पाणी आत येतं आणि डोळ्यांजवळच्या मागच्या छिद्रांतून बाहेर पडतं. मधल्या वाटेवर वासाची सगळी यंत्रणा असते. म्हणून खाणं दाखवायचं नाही, त्याचा वास पोचवायचा. संध्याकाळी टँकचे दिवे बंद करा, खोलीतला मंद दिवा पुरे. माकूलचा तुकडा लांब चिमट्यात धरून बिळाच्या दारापासून वीतभर अंतरावर, पाण्याच्या प्रवाहाच्या वरच्या बाजूला धरा आणि हलवू नका. आधी नळ्या थरथरतील, मग डोकं डावी-उजवीकडे हलेल, मग तो बाहेर येईल. कित्येकदा तो चुकीच्या दगडावर तोंड आपटेल. चिमटा त्याच्या मागे नेऊ नका. तो वास धरून परत येतोच.

चिमटा लांब आणि बोथट असावा, लाकडी किंवा प्लॅस्टिकचा. हाताने कधीही भरवू नका, कितीही सवयीचा झाला तरी. तो तुम्हाला ओळखत नाही असं मी म्हणणार नाही. काचेजवळ आलेल्या माणसाला बघून बाहेर येणारे ईल मी रोज बघते. पण माकूल कापलेल्या बोटांना माकूलचाच वास येतो, आणि अधू नजरेचा मासा वासावर विश्वास ठेवतो. टँकमध्ये हात घालण्याआधी हात चांगले धुवा. चावलाच तर याचे दात बोथट असल्यामुळे जखम सहसा लहान असते, पण साबण-पाण्याने धुऊन डॉक्टरांना दाखवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. समुद्री पाण्यातली जखम चिघळते.

हे बोथट दात खेकड्याचं कवच फोडायला आहेत. पकड घेतल्यावर काय होतं ते एकदा नीट बघा. बाकीचे बहुतेक मासे तोंड फुगवून घास पाण्यासकट ओढून घेतात; अरुंद बिळात तेवढं फुगायला जागा नसते. मोरे ईलच्या घशात जबड्याची दुसरी जोडी असते. ती पुढे सरकते, घास पकडते आणि मागे खेचते. २००७ साली रीटा मेहता आणि पीटर वेनराइट यांनी दुसऱ्या एका मोरे ईलमध्ये ही हालचाल वेगवान कॅमेऱ्याने टिपली आणि ‘नेचर’मध्ये मांडली. तुमच्या टँकमध्ये ती आतली जोडी दिसणार नाही. दिसेल ते एवढंच की तुकडा ओठांशी थांबतो आणि मग एक-दोन हिसक्यांत नाहीसा होतो. तुकडा फार मोठा असेल, तर तो अंगाची गाठ मारून किंवा गिरक्या घेऊन तोडायला बघतो आणि त्यात अंग दगडावर घासून घेतो. म्हणून तुकडा त्याच्या डोक्याच्या रुंदीएवढाच ठेवा.

काय द्यायचं ते आपल्या मासळी बाजारात सगळं मिळतं. कवचासकट कोळंबी, माकूल, लहान चिंबोरीचे पाय, तिसऱ्यांचं मांस. आमच्या बाजारातल्या मावशींना आता माहीत आहे. मी दिसले की विचारतात, “ताई, घरच्यांसाठी का ईलसाठी?” आणि ईलसाठी म्हटलं की बर्फात फार दिवस न राहिलेलं माकूल काढून देतात. घरी आणून गोड्या पाण्यात धुवा, तुकडे करा, दोन-तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा आणि लागेल तेवढंच बाहेर काढून गार पाण्यात सुटू द्या. मीठ-हळद लावलेलं चालणार नाही.

एकाच पदार्थावर राहू नका. काही कच्च्या माशांत आणि शिंपल्यांत थायमिनेझ नावाचं द्रव्य असतं. ते ब१ जीवनसत्त्व मोडतं, आणि महिनोन्महिने तेच दिलं तर ईल अडखळत पोहायला लागतो. मांदेली, तारली अशी मासळी मी ईलला देतच नाही, तिसऱ्या अधूनमधून देते. माकूल, कोळंबी, चिंबोरी असं आलटून-पालटून द्या आणि आठवड्यातून एकदा तुकड्यावर जीवनसत्त्वाचे थेंब टाकून पंधरा मिनिटं मुरू द्या. गोड्या पाण्यातले गप्पी किंवा गोल्डफिश जिवंत सोडू नका. ते त्याचं नैसर्गिक अन्न नाही, आणि त्या माशांचे हाल बघवत नाहीत.

लहान ईलला एक दिवसाआड, वाढलेल्याला आठवड्यातून दोनदा. पोट हलकंसं गोल दिसलं की थांबा. तो मागतोय म्हणून रोज दिलं, तर त्याच्या यकृतावर चरबी चढते आणि पाणी बिघडतं ते वेगळंच. उरलेला तुकडा अर्ध्या तासात काढून टाका.

सोबतीला कुणाला ठेवायचं, हे त्याच्या ताटावरून ठरवा. कोळंबी आणि खेकडा घालणार असाल, तर ते जेवण आहे असं समजा. टँक साफ ठेवणारी लाल-पांढरी क्लीनर श्रिंप काही ईल वर्षानुवर्षं सोडून देतात आणि एका रात्री खातात. मोठे टँग, लायनफिश, अंगाने भरलेले डॅमसेल चालतात. ट्रिगरफिश नको, तो ईलच्या शेपटीला चावे घेतो. अगदी छोटे, तळाशी झोपणारे मासेही नकोत.

आजाराच्या बाबतीत हा मासा काटक आहे. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग इतर माशांना पटकन होतो, याला त्या जाड थरामुळे क्वचितच. टँकमध्ये तो रोग आला, तर तांब्याचं औषध मुख्य टँकमध्ये ओतू नका. खवले नसलेल्या ईलला ते झेपत नाही, आणि दगडांत मुरलेलं तांबं नंतर निघत नाही. आजारी मासे वेगळ्या टँकमध्ये हलवून त्यांच्यावर तिथे उपचार करा. ईलला ओरखडा पडला असेल, तर पाणी स्वच्छ ठेवणं हाच बहुतेक वेळा पुरेसा उपाय. जखम लाल होऊन पसरायला लागली, तर जलचरांचं बघणारे पशुवैद्य गाठा.

नीट ठेवलेला स्नोफ्लेक दहा वर्षांच्या पुढे सहज जगतो. त्या काळात घर बदलतं, मुलं शिकायला परगावी जातात, नोकरी दुसऱ्या शहरात लागते. ठेवणं जमेनासं झालं, तर त्याला खाडीत किंवा समुद्रात सोडू नका. ठाण्याच्या खाडीचं पाणी त्याच्या प्रवाळांतलं नाही, आणि टँकमधले रोग त्याच्याबरोबर समुद्रात जातात. तुमच्या भागात समुद्री टँक ठेवणाऱ्या दोन-तीन जणांची ओळख आजपासून करून ठेवा. द्यायची वेळ आली, तर त्याचा पाईपही त्याच्याबरोबर द्या. नव्या टँकमध्ये तो आधी त्यातच शिरतो आणि लवकर खायला लागतो.